उतरत्या विमानातली जाग

नागपूर किंवा हैदराबादहून मुंबईला निघालेल्या विमानाची सरळ रेषा नकाशावर आखली, तर ती अहिल्यानगर जिल्ह्यावरून जाते. नागपूरचे विमान श्रीरामपूर-राहात्याच्या बाजूने, हैदराबादचे कर्जत-श्रीगोंद्याच्या बाजूने. विमान खाली आणताना वैमानिक एक जुना ठोकताळा वापरतात. दर हजार फूट उंची उतरण्यासाठी तीन सागरी मैल अंतर हाताशी ठेवायचे. पस्तीस हजार फुटांवरून यायचे असेल, तर १०५ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर लागतात. नगर शहर ते मुंबई विमानतळ हे हवाई अंतर जवळपास तेवढेच आहे. म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या अशा विमानांची उतरण साधारण आपल्या जिल्ह्याच्या आकाशात सुरू होते. इंजिनांचा जोर कमी होतो, नाक किंचित झुकते, प्रवाशांच्या कानांना दडे बसू लागतात. तिथून पुढची पंचवीस-तीस मिनिटे हा त्या प्रवासातला सर्वांत नाजूक टप्पा असतो.

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला देशभरातल्या विमानतळांवर जो गोंधळ उडाला, त्याचे मूळ याच मिनिटांशी जोडलेले आहे. ५ डिसेंबरच्या एका दिवसात इंडिगोची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, रुग्णाला घेऊन निघालेले लोक विमानतळांवर अडकून पडले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते आणि त्यानुसार वेळापत्रक चालवायला कंपनीकडे पुरेसे वैमानिक नव्हते. त्याच दिवशी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला रात्रपाळीसंबंधीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. विमाने पुन्हा उडू लागली, लोकांचा राग निवळला. पण या गदारोळात अनेकांच्या मनात एक समज पक्का होऊन बसला की, वैमानिकांच्या झोपेचे लाड पुरवण्यासाठी आपली गैरसोय झाली. तो समज तपासून पाहायला हवा.

हत्ती गेला, शेपूट राहिले

जेट विमानांच्या अपघातांची आकडेवारी बोइंग कंपनी दरवर्षी प्रसिद्ध करते. उड्डाणाच्या एकूण वेळात धावपट्टीकडे येण्याचा शेवटचा टप्पा आणि प्रत्यक्ष उतरणे यांचा वाटा अवघा चार टक्क्यांच्या आसपास असतो. जीवघेण्या अपघातांपैकी जवळपास निम्मे मात्र याच टप्प्यात घडतात.

कारण उघड आहे. उंचावरून सरळ उडताना चूक झाली, तर ती सुधारायला खाली हजारो फूट हवा असते. उतरताना उंची, वेग आणि वेळ, तिन्ही एकाच वेळी संपत आलेले असतात. नेमके तेव्हाच काम वाढते. नियंत्रण कक्षाच्या सूचना ऐकायच्या, हवामान पाहायचे, पंखांवरचे फ्लॅप टप्प्याटप्प्याने उघडायचे, चाके बाहेर काढायची, तपासयादी वाचायची. आणि हे सारे दिवसभराच्या शेवटी, शरीर थकलेले असताना. मनाला मात्र आता पोचलोच असे वाटू लागते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे आपण म्हणतो. विमानाच्या बाबतीत हत्ती बहुधा शेपटाशीच अडखळतो.

याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी, बँकॉकहून मुंबईला येणारे आलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातले सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. पावसाळी रात्र होती, बाहेर काही दिसत नव्हते. आपण मुंबईच्या खूप जवळ आलो आहोत, असा वैमानिकाचा समज झाला होता. प्रत्यक्षात सह्याद्री ओलांडायचा बाकी होता. विमान वेळेआधीच खाली येत गेले आणि सुमारे ३,६०० फुटांवर, डोंगरमाथ्याच्या जेमतेम काही फूट खाली, धडकले. तिथून उत्तरेला, अकोले तालुक्याच्या हद्दीवर उभे असलेले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट उंच आहे. त्या अंधारात विमान किती खाली आले होते, हे यावरून लक्षात येईल.

चौकशीत निघालेली कारणे आजही वाचण्यासारखी आहेत. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला. हाताशी असलेल्या दिशादर्शक साधनांनी तो ताडून पाहिला गेला नाही. किमान सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली गेली. यंत्र बिघडले नव्हते. एकाचा अंदाज चुकला आणि कॉकपिटमधल्या कुणीही ती चूक वेळेत पकडली नाही.

एक उडवतो, दुसरा पाहतो

विमानात दोन वैमानिक असतात, ते एक दमला तर दुसऱ्याने चालवावे म्हणून, असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात दोघांची कामे वेगळी असतात. एक विमान उडवतो. दुसरा त्याच्यावर, विमानावर आणि यंत्रांवर लक्ष ठेवतो. कॅप्टन नेहमी उडवतोच असे नाही, भूमिका आलटून पालटून ठरतात. रात्रीच्या ट्रकमध्ये चालकाला झोप लागू नये म्हणून क्लीनर गप्पा मारत बसतो, तसे हे नव्हे. लक्ष ठेवणाऱ्या वैमानिकाला ठरलेले शब्द ठरलेल्या वेळी उच्चारायचे असतात. वेग जास्त आहे, उतरण तीव्र आहे, विमान मार्गाच्या वर आहे. आणि सांगूनही सुधारणा झाली नाही, तर ‘गो-अराउंड’ म्हणायचे. म्हणजे उतरणे सोडून द्या, पुन्हा वर चला. तरीही समोरचा ऐकत नसेल, तर विमानाचा ताबा स्वतःकडे घेण्याचा अधिकार त्याला असतो.

हे लक्ष ठेवण्याचे काम किती महत्त्वाचे, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये दाखवून दिले. १९७८ ते १९९० या काळातल्या, वैमानिकांच्या चुकीमुळे घडलेल्या ३७ मोठ्या अपघातांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी ३१ अपघातांत लक्ष ठेवणाऱ्याला चूक दिसली नव्हती, किंवा दिसूनही त्याने पुरेशा ठामपणे हटकले नव्हते. बहुतेक वेळा विमान कॅप्टनच्या हाती होते आणि लक्ष ठेवण्याचे काम कनिष्ठाकडे होते. जे वैमानिक अधिक तास जागे होते, त्यांच्याकडून चुकाही अधिक झाल्या होत्या.

या कामात गप्पांचाही अडथळा होतो. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लट येथे धुक्यात उतरताना एक विमान कोसळले. राजकारण आणि जुन्या मोटारी अशा विषयांवरच्या वैमानिकांच्या गप्पा ध्वनिमुद्रकात सापडल्या. पुढे १९८१ मध्ये तिथे नियम झाला की, दहा हजार फुटांच्या खाली कामाखेरीज कॉकपिटमध्ये काहीही बोलायचे नाही. आज ही शिस्त जगभर पाळली जाते.

गप्पा नसल्या तरी यंत्रावरचा विश्वास घात करू शकतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळुरूला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान स्वच्छ हवामानात, भर दुपारी, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले आणि कोसळले. १४६ पैकी ९२ जण गेले. विमानाच्या स्वयंचलित यंत्रणेची अशी स्थिती निवडली गेली होती की, इंजिने किमान जोरावरच राहिली. वेग हळूहळू घटत राहिला. समोरच्या पडद्यावर तो दिसत होता. दोन अनुभवी वैमानिकांच्या लक्षात तो आला, तोवर इंजिनांना जोर पकडायला वेळ उरला नव्हता. यंत्राने सांगितलेले काम चोख केले. ते काम चुकीचे आहे, हे पाहणे माणसांकडे होते.

टक लावून पाहण्याची शरीराची मर्यादा

समोर माहिती असूनही माणसाला ती दिसत नाही, असे का होते? या प्रश्नाचा मागोवा दुसऱ्या महायुद्धापासून घेतला जात आहे. ब्रिटिश हवाई दलाचे रडारचालक पडद्यावर डोळे लावून बसत, तरी पाणबुड्यांच्या खुणा त्यांच्या नजरेतून सुटत. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक साधे घड्याळ तयार केले. काटा एकेक टप्पा पुढे सरकायचा आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचे, एवढेच काम. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटू लागतात. माणूस आळशी असतो म्हणून हे घडत नाही. क्वचितच घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत राहणे मेंदूला फार काळ जमत नाही.

त्यात झोपेची उणीव मिळाली की परिस्थिती आणखी बिघडते. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक तुलना मांडली. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची हात-डोळ्यांची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावलेली असते. आपल्याकडे वाहनचालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला गाडी चालवत असेल, तर मद्याचा थेंब न घेताही त्याची अवस्था त्या मर्यादेपलीकडे गेलेली असू शकते.

किती तास जागे, याइतकेच कोणत्या वेळी जागे, हेही महत्त्वाचे. आपल्या शरीरात सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ चालते. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचे तापमान खाली जाते, झोपेची ओढ सर्वाधिक असते आणि प्रतिसाद मंदावतात. दिवसा भरपूर झोपलेल्या माणसाचीही यातून पूर्ण सुटका नसते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला, कारखान्यातल्या कामगाराला हे वेगळे सांगायला नको.

या काळात मेंदू काही सेकंदांच्या डुलक्या घेतो. डोळे उघडे असू शकतात, माणूस जागा दिसतो, पण तेवढा वेळ तो तिथे नसतो. नासाने लांब पल्ल्याच्या उड्डाणांत वैमानिकांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. एका गटाला प्रवासाच्या मध्यात, दुसरे वैमानिक विमान सांभाळत असताना, चाळीस मिनिटे विसावा दिला होता. त्यात ते सरासरी २६ मिनिटे झोपले. दुसऱ्या गटाला असा विसावा नव्हता. विसावा न मिळालेल्यांच्या मेंदूत शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे उतरताना आणि अगदी धावपट्टी जवळ येतानाही, अशा डुलक्यांच्या खुणा दिसल्या. विसावा घेतलेल्यांत त्या टप्प्यात एकही खूण नव्हती.

वैमानिकाने मद्य घेतले आहे का, हे कामावर येताना यंत्रात फुंकर मारायला लावून तपासता येते. थकवा मोजणारे असे यंत्र विमानतळावर नाही. म्हणूनच विश्रांतीचे तास कागदावर बांधून द्यावे लागतात.

मंगळुरू आणि कोळिकोड

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून मंगळुरूला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी केवळ आठ जण वाचले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रकात शेवटच्या सुमारे दोन तासांचे आवाज होते. त्यांतला बहुतेक वेळ कॅप्टन झोपलेले होते, घोरण्याचा आवाजही त्यात होता. उतरण सुरू होण्याच्या सुमारास ते जागे झाले.

गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ववत होत नाही. निदान पंधरा-वीस मिनिटे, कधी त्याहून जास्त, निर्णयशक्तीवर झापड राहते. त्या दिवशी विमान फार उंचावरून धावपट्टीकडे येत होते आणि ते खाली आणण्यासाठी तीव्र उतरण घेतली गेली. सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड करायला सुचवले. तरी उतरणे सुरूच राहिले. सुमारे ८,००० फूट लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली, ती ५,२०० फूट ओलांडल्यावर. घड्याळात पहाटेचे सहा वाजून पाच मिनिटे झाली होती. शरीराच्या सर्वांत मंद प्रहराचा तो शेवट होता.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, दुबईहूनच आलेले याच कंपनीचे विमान कोळिकोडला पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातून आलेले, मोठ्या अनुभवाचे मराठी वैमानिक. ते, त्यांचे सहवैमानिक आणि १९ प्रवासी या अपघातात गेले. त्या दिवशी महाराष्ट्रात अनेक घरांत हळहळ व्यक्त झाली होती.

विमान अपघात तपास ब्युरोचा अहवाल २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आला. पहिल्यांदा उतरणे जमले नाही, तेव्हा वैमानिकांनी योग्य तेच केले आणि विमान पुन्हा वर नेले. दुसऱ्या वेळी विरुद्ध बाजूने येताना वारा पाठीमागून होता. कॅप्टनच्या बाजूच्या काचेचा वायपर बंद पडला होता. विमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेगाने खाली येऊ लागले आणि सुमारे ८,८५० फुटांच्या धावपट्टीच्या मध्याजवळ, ४,४३८ फुटांवर टेकले. सहवैमानिकाने आधी मोघम शब्दांत लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, मग गो-अराउंडची सूचना दिली. अहवालाने अपघाताच्या संभाव्य कारणात दोन्ही गोष्टी लिहिल्या. सूचना असूनही कॅप्टनने उतरणे चालू ठेवले, आणि सहवैमानिकाने ताबा हाती घेऊन विमान वर नेले नाही.

आरोग्याच्या दृष्टीने या अहवालात आणखी एक नोंद आहे. कॅप्टन मधुमेहाची काही औषधे डॉक्टरांनी लिहून दिलेली नसताना घेत होते. त्यामुळे रक्तातली साखर किंचित उतरून निर्णयक्षमतेवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यता तपासकांनी नोंदवली. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजाने हे नीट वाचायला हवे. साखर थोडी कमी झाली की घाम येतो, थरथर होते, हे अनेकांना ठाऊक असते. पण तशी लक्षणे दिसण्याआधीही गुंतागुंतीचा निर्णय घेण्याची क्षमता घसरू शकते. एखाद्या वैमानिकाने आजार किंवा औषध सांगितले, तर त्याच्या परवान्यावर आणि पर्यायाने पोटावर गदा येऊ शकते. त्यामुळे लपवण्याचा मोह होतो. मृत वैमानिकाच्या माथी दोष मारून हा प्रश्न सुटणार नाही.

अहवालाने व्यवस्थेकडेही बोट दाखवले. कोळिकोडच्या तळावर २६ सहवैमानिक होते आणि कॅप्टन मात्र एकच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणावर याच कॅप्टनची नेमणूक होती. उतरायचे सोडून दुसऱ्या विमानतळावर गेलो, तर सकाळचे विमान अडकेल, हा विचार मनावर ओझे टाकू शकतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. कोळिकोडचा अपघात संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास घडला. रात्रीच्या उतरण्यांची संख्या कमी केली, म्हणून तो टळला असता असे म्हणता येत नाही. विश्रांतीचा नियम हा सर्व रोगांवरचा एक उतारा नाही. पण मंगळुरूची झोप आणि कोळिकोडचा संकोच या दोन्ही घटना एकत्र पाहिल्या, की एक धागा दिसतो. दोन्हीकडे दुसऱ्या वैमानिकाला धोका दिसला होता, त्याने तो बोलूनही दाखवला होता, आणि तो आवाज पुरेसा ठरला नाही. थकलेला कॅप्टन कमी ऐकतो आणि थकलेला कनिष्ठ कमी ठामपणे बोलतो. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आपल्या अंगात लहानपणापासून मुरलेले असते. घरात ती मर्यादा शोभते. पाचशे फुटांवर ती जीव घेऊ शकते.

शिर्डीच्या धावपट्टीवर

आपल्या जिल्ह्यात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. कोपरगाव तालुक्यातल्या काकडी येथे शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत दोन विमाने धावपट्टीबाहेर गेली. मे २०१८ मध्ये अलायन्स एअरचे आणि एप्रिल २०१९ मध्ये स्पाइसजेटचे. दोन्ही वेळा प्रवासी सुखरूप राहिले.

धावपट्टीचे गणित समजून घेतले, तर सेकंदांची किंमत कळते. उद्घाटनाच्या वेळी शिर्डीची धावपट्टी २,५०० मीटर होती. बोइंग ७३७ सारखे विमान टेकताना ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने धावत असते, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. चाके टेकायला पाच सेकंद उशीर झाला, तर साडेतीनशे मीटर धावपट्टी मागे पडली. पट्टी ओली असेल, वारा पाठीमागून असेल, तर उरलेल्या अंतराचे मोल आणखी वाढते. म्हणून नियम असा आहे की, साधारण हजार फुटांवर, आणि बाहेरचे स्वच्छ दिसत असेल तर पाचशे फुटांवर, वेग, उतरण आणि दिशा ठरलेल्या मर्यादेत असलीच पाहिजे. नसेल, तर वाद न घालता वर जायचे.

प्रत्यक्षात काय होते? फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार, अशा अस्थिर अवस्थेत येणाऱ्या विमानांपैकी फक्त तीन टक्के विमाने वर जातात. बाकीचे वैमानिक उतरतात, आणि बहुतेक वेळा निभावते. निभावले की, पुढच्या वेळीही निभावेल असे वाटू लागते.

यात प्रवाशांचाही वाटा असतो. शिर्डीला दर्शनाची वेळ ठरवून आलेला प्रवासी, विमान अचानक वर झेपावले की घाबरतो, आणि दुसऱ्या शहरात उतरवले की संतापतो. २०१९ च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे शिर्डीची उड्डाणे कित्येक दिवस बंद राहिली, तेव्हाही असाच त्रागा झाला होता. खरे तर, धावपट्टी समोर दिसत असताना ती सोडून देणाऱ्या वैमानिकाने त्या दिवशीचा सर्वांत कठीण निर्णय घेतलेला असतो. कंपनीचे इंधन, वेळापत्रक आणि दीडशे जणांची नाराजी स्वीकारून त्याने तो घेतलेला असतो.

सवलत कुणाला, जोखीम कुणाची

आता पुन्हा डिसेंबरच्या गोंधळाकडे येऊ. नव्या नियमांनी नेमके काय बदलले? वैमानिकांची सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. ‘रात्र’ म्हणजे मध्यरात्र ते पहाटे पाच, ही व्याख्या एका तासाने वाढून सहापर्यंत आली. रात्रीच्या ड्युटीत विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली गेली. वरचे विज्ञान लक्षात घेतले, तर यातली प्रत्येक तरतूद कुठून आली हे कळते. पाच ते सहा हा तास मंगळुरूचा तास आहे. आणि एका रात्रीत वैमानिकाने किती वेळा त्या नाजूक तीस मिनिटांतून जावे, याला उतरण्यांची मर्यादा लगाम घालते.

हे नियम एका रात्रीत आले नव्हते. डीजीसीएने ते जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते. पुढे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली. जवळपास दोन वर्षे हाताशी होती. वैमानिक तयार व्हायला वेळ लागतो, भरती वाढवली की खर्च वाढतो आणि तिकीट महाग होते, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मनुष्यबळ वाढवायचे नसेल, तर उड्डाणे कमी करायची, हा मार्ग खुला होता. डिसेंबरमध्ये गोंधळ झाल्यावर सरकारने इंडिगोला तिच्या वेळापत्रकात दहा टक्के कपात करायला सांगितलेच. तीच कपात ऑक्टोबरमध्ये शांतपणे करता आली असती, तर कुणीही विमानतळावर रात्र काढली नसती.

सूट मिळाली ती रात्रीच्या व्याख्येतून आणि रात्रीच्या उतरण्यांच्या मर्यादेतून. त्याशिवाय, रजेचा दिवस साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजता येणार नाही, ही सर्व कंपन्यांसाठी असलेली तरतूदही मागे घेतली गेली. त्या दिवशी विमानतळांवरची गर्दी पाहता सरकारपुढे पर्याय थोडे होते, हे मान्य करू. पण सूट दिल्याने पहाटे चारला वैमानिकाच्या शरीराचे तापमान वाढत नाही. कंपनीची अडचण दूर झाली, आणि जोखीम कॉकपिटमार्गे मागच्या आसनांकडे सरकली.

म्हणून १० फेब्रुवारी २०२६ ही तारीख महत्त्वाची होती. त्या दिवशी सवलत संपते की नव्या नावाने पुढे चालू राहते, यावर नियमाचे वजन ठरणार होते. त्याच्या जोडीने आणखी दोन गोष्टी लागतील. ‘मी थकलो आहे, उडू शकत नाही’ असे सांगणाऱ्या वैमानिकाला शिक्षा होणार नाही, ही हमी कागदावरून प्रत्यक्षात यायला हवी. आणि गो-अराउंड केल्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही, उलट अस्थिर अवस्थेत उतरल्याबद्दल विचारला जाईल, ही रीत कंपन्यांनी पाळायला हवी. विमानातल्या नोंदयंत्रांवरून प्रत्येक उतरणीची माहिती मिळते. ती दोषी शोधण्याऐवजी धडा घेण्यासाठी वापरली, तर अपघाताआधीच इशारा मिळतो.

हे शास्त्र केवळ आकाशापुरते नाही. जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू असला की, रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. लांबच्या पल्ल्याच्या खासगी बस पहाटे नगर-मनमाड मार्गावरून धावतात. तिथे दुसरा चालक नसतो, नोंदयंत्र नसते आणि विश्रांतीचे तास मोजणाराही बहुधा कुणी नसतो. पहाटे चारला त्या चालकाचा मेंदू मात्र वैमानिकाच्या मेंदूसारखाच वागतो. विमान वाहतुकीने शेकडो जिवांची किंमत मोजून जे शिकले, ते रस्त्यावर आणायला अजून सुरुवातही व्हायची आहे.

तोवर विमानाने प्रवास करणाऱ्यांनी एवढे तरी करावे. उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, तर नाराज होऊ नये. उड्डाण रद्द होण्याचे कारण वैमानिकाची विश्रांती असेल, तर राग जरूर धरावा, पण तो पुरेसे वैमानिक न नेमता तिकिटे विकणाऱ्यांवर. कारण आपण मागे निर्धास्त डुलकी काढू शकतो, ते पुढे बसलेले दोघे पुरेसे झोपून आलेले असतात या भरवशावर.